नमुन्याचा बेंच

मी माझ्या टेंडरमध्ये सुरेशचा दर भरला आणि सुरेशच्या टेंडरमध्ये माझा.

एवढी साधी, गाढवपणाची चूक. पण ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, सुरेशला तर नाहीच. कारण ती सांगितली की तिच्यामागून जे झालं तेही सांगावं लागतं. आणि ते चूक नव्हतं.

अमरावतीच्या एमआयडीसीत माझा लोखंडी फर्निचरचा लहानसा कारखाना आहे. कपाटं, रॅक, शाळेचे बेंच. पण लोक मला ओळखतात ते भाषणांमुळे. 'लहान उद्योजकानं सरकारी काम कसं मिळवावं' या विषयावर अमरावतीपासून अकोल्यापर्यंत कुठंही मेळावा असो, शाल-नारळ घ्यायला मी हजर. उद्यम नोंदणी करा, अनामत माफ होते. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका, पोर्टल बसतं. अटी दोनदा वाचा. सगळं खरं सांगतो हो. एकच धडा गाळतो. तो जरा ओशाळवाणा आहे — नाही, 'ओशाळवाणा' हा शब्दही मी माझ्या सोयीनंच निवडला.

आमच्या धंद्यात 'सपोर्ट' नावाची एक रीत आहे. एखाद्या कामाला तीन टेंडरं आली नाहीत तर ऑफिस ते काम पुन्हा काढतं. म्हणून आपल्या टेंडरबरोबर दोन ओळखीच्यांची टेंडरंही आपणच भरायची, चढ्या दरानं. ती हरण्यासाठीच असतात. सुरेश हा माझा ठरलेला हरणारा. माझा मावसभाऊ, भातकुलीत त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं. गेट, ग्रील, ट्रॉलीची दुरुस्ती. त्याची डिजिटल सही, म्हणजे ती पेनड्राइव्हसारखी वस्तू, माझ्याच ड्रॉवरमध्ये ॲसिडिटीच्या गोळ्यांशेजारी पडलेली असे. तिनं कशावर सही होते, हे त्यानं कधी विचारलं नाही. भाऊ पाहून राहिले ना, मग झालं, एवढंच म्हणायचा.

अकोला जिल्ह्यातल्या निवासी शाळांना बेंच पुरवायचे होते. माझ्या कारखान्यानं पाहिलेलं सगळ्यांत मोठं काम. मी दोन्ही टेंडरं एकदमच भरत बसलो होतो आणि फोनवर एका होतकरू माणसाला टेंडर भरताना चुका कशा टाळाव्यात ते समजावत होतो. दर उघडले तेव्हा सगळ्यांत कमी दर सुरेशचा. काम सुरेशला.

तो बायकोला, नंदाला घेऊन पेढे द्यायला आला. वाकून पाया पडला. "भाऊ, तुमी मुद्दाम मागं सरून मले पुढं केलं. मले समजलं."

तेव्हाच का नाही म्हणालो, की बाबा रे, मी गाढव आहे, माझ्या हातून आकडे फिरले? सांगू? उदार म्हणवून घेणं फार गोड लागतं. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "आता तूही मोठा हो." नातेवाइकांत माझं नाव झालं. घरी आलो आणि जेवलो नाही.

पुरवठ्याआधी नमुन्याचा एक बेंच पास करून घ्यावा लागतो. सुरेशनं बाकीची कामं बाजूला ठेवली आणि तो एक बेंच केला. त्याच्या मुलीचा फ्रॉक शाळेत बेंचच्या टोकाला अडकून फाटला होता, म्हणून त्यानं सगळे कोपरे गोल वळवले. अटींत असं काही नव्हतं. माझी पिकअप अकोल्याला जाणारच होती, म्हणून रविवारी तो बेंच माझ्या कारखान्यात ठेवून गेला.

कारखान्याला सुट्टी होती. मी त्या बेंचवर बसलो. हललो, डुललो, एका टोकाला सरकलो. कुरकूरसुद्धा नाही. बेंच वाईट असता तर मी त्याला हात लावला नसता — एवढं मला स्वतःबद्दल नक्की माहीत आहे.

मी बेंच उलटा केला. बैठकीखालचे जोड ग्राइंडरनं कापले आणि वरवरचे टाके मारून पुन्हा चिकटवले. मीही वेल्डर म्हणूनच सुरुवात केलेली. वाईट वेल्डिंग मला उपजतच जमतं. वरून रंग मारला. मग हात धुऊन चहा प्यायलो.

अकोल्याच्या त्या ऑफिसात बेंच तपासायची पद्धत सोपी होती. मशीन वगैरे काही नाही, गावंडे बाबूंना बसवायचं. गावंडे बाबू म्हणजे तिथले सगळ्यांत वजनदार कारकून. ठेकेदार आला की साहेब हाक मारत, बाबू फाइल सोडून येत आणि बसत. टिकला तर पास. ऑफिसला तेवढीच करमणूक. सगळे गोळा व्हायचे.

त्या दिवशीही झाले. सुरेश इस्त्रीचा शर्ट घालून बेंचच्या बाजूला उभा, मी समोर. गावंडे बाबू माझ्याकडे तोंड करून बसले. टाके सुटले, बैठक एका बाजूनं खाली गेली आणि बाबू फरशीवर. ऑफिस हसलं. मीही हसलो; सगळ्यांत मोठ्यानं, मांडीवर थाप मारून. सुरेश आधी बाबूंना उठवायला धावला. मग त्यानं तो तुटलेला जोड हातात घेतला आणि बोटानं चाचपत राहिला.

परत येताना मूर्तिजापूरजवळ तो पिकअपमध्ये म्हणाला, "हे जोड मारताना लाइट गेली होती, भाऊ. मांगून पुन्हा मारले. तवाच कच्चे राह्यले असतीन."

कारणही त्यानंच शोधून दिलं. मी म्हणालो, "असंच झालं असेल."

सुरेशचं नाव काळ्या यादीत गेलं. टेंडर पुन्हा निघालं आणि या खेपेला मी आकडे नीट भरले. माझा नमुना पास झाला — गोल कोपऱ्यांचा. आजही भाषणात मी त्या कोपऱ्यांचा फोटो पडद्यावर दाखवतो आणि म्हणतो, वापरणाऱ्याची गरज ओळखा. टाळ्या पडतात.

आणि सुरेश? गावात त्याच्याकडून कुणी गेट करून घेईना. दुकान बंद झालं. मग मी त्याला माझ्याकडे वेल्डर म्हणून ठेवलं, तेव्हा नातेवाइकांत माझं पुन्हा नाव झालं. प्रत्येक जोड मारला की तो त्यावर चढतो आणि उड्या मारून पाहतो. कपाट असो, रॅक असो. त्याला आता स्वतःच्या हाताचा भरवसा नाही. पोरं त्याला 'उडी मास्तर' म्हणतात. हे नाव मी ठेवलं.

गेल्या महिन्यात अकोल्याला माझं भाषण होतं. संपल्यावर चहाच्या टेबलाजवळ एक सैल कातडीचा, वाळलेला म्हातारा आला. ओळखलंच नाही. म्हणाला, मी गावंडे, तो बेंचवरून पडलेला. रिटायर झाले होते, साखरेच्या आजारानं अर्धे उरले होते. जावयाला धंदा काढायचाय म्हणून त्याला घेऊन आले होते. मी उगाच मोठ्यानं हसलो, म्हटलं, बाबू, काय दिवस होते ते. ते हसले नाहीत. कप खाली ठेवला आणि जावयासमोरच म्हणाले,

"माह्यावर हसनारे लोक मी लहानपनापासून पाहून राह्यलो, साहेब. सारे मी पडल्यावर हसतेत. तुमी त्या दिवशी मी पडाच्या आदी हसले."