शेवटची कॅसेट

परवा नर्सबाईने इंजेक्शनआधी दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि त्या वासासरशी मला महाल भागातलं आमचं घर आठवलं. रंगीत टीव्ही नुकताच आला होता. माझ्या धाकट्या दिरांनी त्यावर व्हिडिओ गेम खेळायचं एक मशीन घेतलं आणि त्यासाठी जगात निघालेली एकूण एक कॅसेट जमवायचा ध्यासच घेतला. शेवटची राहिलेली मित्राने परदेशातून आणली. भाऊजी हातपाय धुवायला गेले तेवढ्यात सासूबाईंनी, नव्या वस्तूला लावतात तसं, तिला हळदकुंकू लावलं, तेही नेमकं मशीनमध्ये बसणाऱ्या पितळी पट्ट्यांवर. भाऊजींनी येऊन ती मशीनमध्ये घातली, तर पडद्यावर नुसत्या मुंग्या. "काहून लावलं वं आई? दुसरी भेटणार नाही आता." "तुह्या मशीनले कुंकवाचं वावडं हाय का गा?" सासूबाई म्हणाल्या खऱ्या, पण पदराचं टोक घेऊन पुसायला पुढे झाल्या. भाऊजींनी स्पिरिटच्या बोळ्याने एकेक पट्टी पुसली. कॅसेट पुन्हा आत घातली. चित्र उमटलं, निळंशार. पण भाऊजी खेळलेच नाहीत. कॅसेट कपाटातल्या उरलेल्या जागेत ठेवून त्या भरल्या कपाटाकडे नुसते बघत बसले. आपलं घरकाम कधी संपतं का हो? घेतलेलं काम पुरं झालेला माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला, आणि खरं सांगते, अजून दुसरा दिसलेला नाही.