तक्रार गेटवर टांगणाऱ्या गुरव मॅडम

गुरव मॅडमची आणि माझी पहिली ओळख झाली तेव्हा मी शिडीवर होतो आणि त्या खाली. केबिन रोडवर एका क्लासच्या बोर्डावर मी 'शंभर टक्के नोकरी' असं रंगवत होतो. खालून आवाज आला, "काका, हे तुम्हाला खरं वाटतं का?"

मी म्हटलं, "बाई, मी लिहायचे पैसे घेतो. खरं वाटून घ्यायचे कोणी देत नाही."

दुसरं कोणी असतं तर नाक मुरडून गेलं असतं. त्या खळखळून हसल्या. "उद्या माझ्या वर्गावर या, आणि हे असंच्या असं मुलांना सांगा." मी शिडीवरून पडायचाच बाकी राहिलो! सातवीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. अक्षर शिकलो ते दुसऱ्यांचे बोर्ड बघून बघून. आणि या प्राध्यापकबाई मला कॉलेजात बोलावतायत?

मी गेलो, आणि तेव्हापासून जाहिरातीच्या पदवीची मुलं मला पेंटरकाका म्हणतात. आज प्रा. शैलजा गुरव यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात विद्वानांच्या पंगतीत मलाही पाट मांडलाय, हाही धक्काच. पण मॅडमच्या सहवासात धक्क्यांची सवय होत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

मॅडमची एक रीत आहे. शेवटच्या वर्षाच्या मुलांना त्या अखेरचं काम एकच देतात : आपल्याच कोर्सची जाहिरात करा. मी तेव्हा मागच्या बाकावर बसलेला असतो. ब्रश ठेवून मी फ्लेक्स छापायचं मशीन घेतलं, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. संस्थेने बजावलं होतं की यंदा वर्ग भरला नाही तर कोर्स बंद. मुलांनाही ते ठाऊक. त्यांनी चकचकीत पोस्टरं आणली. 'स्वप्नांना पंख'. 'आम्ही समाधानी, तुम्हीही व्हा'.

मॅडमनी सगळी पाहिली. "कॉलेजचं नाव खोडलं तर हीच गादीच्या दुकानाला चालतील. समाधानी आहात ना? मग कशाने, ते सांगा."

पूनम सागर सोसायटीत राहणारी रिद्धी उठली. "खरं बोलू मॅडम? मार्क जातील."

"मार्क माझ्याकडे आहेत. बोल."

"तीन वर्षं आम्ही नसलेल्या साबणाच्या जाहिराती केल्या. एक पण रस्त्यावर लागली नाही. एका पण दुकानदाराने आम्हाला झापलं नाही. बाहेर आम्हाला कोण विचारणार?"

मला वाटलं, आता बाई कडाडणार! मॅडम मात्र खडू घेऊन तिचे शब्द फळ्यावर उतरवत होत्या. खाली त्यांनी स्वतःची एक ओळ जोडली, 'पुढच्या वर्षी मी हे बदलणार आहे.' मग माझ्याकडे वळल्या. "काका, हेच छापा. अॅडमिशनच्या आठवड्यात गेटवर लावायचंय."

"मॅडम, पायावर धोंडा पाडून घेताय! आपली मासळी शिळी आहे असं कुठली कोळीण सांगते?"

"जिला तेच गिऱ्हाईक उद्याही हवं असतं, ती सांगते."

छापलं. बॅनर लागल्या लागल्या संस्थेचे सचिव धावत आले. "पेंटर, आत्ताच्या आत्ता उतरवा!" मॅडम शांतपणे म्हणाल्या, "उतरवा. सोबत माझा राजीनामाही घ्या." सचिव पाय आपटत ऑफिसात परत गेले. बॅनर राहिला.

पालक येत, वाचत, एकमेकांकडे बघत. काही तिथूनच रिक्षा वळवून गेले, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. मग उत्तनच्या कोळीवाड्यातून एक माऊली लेकीला घेऊन आल्या. लेकीने वाचून दाखवलं. त्यांनी मॅडमना आपादमस्तक न्याहाळलं.

"पोरांनी तुमच्या तोंडावर ह्या सांगितला, न तुमीच टांगला?"

"हो."

"मंग माजी पोर हितंच. दुसरीकडं समदेच ग्वाड बोलतात, खरा कोन तेच कलत न्हाय."

वर्ग तुडुंब भरला असं लिहिलं तर मॅडम हा लेख परत पाठवतील. निम्म्याहून जरा जास्त भरला. संस्थेने कुरकुरत एक वर्षाची मुदत दिली, आणि मॅडमनी मुलांना थेट केबिन रोडवर सोडलं. प्रत्येकाला जाहिरात करायला एक खरं दुकान. फरसाणवाल्या शेठनी पहिल्याच दिवशी ऐकवलं, "बेटा, सब अच्छा है, मगर फरसाण किधर है?" रिद्धीला हवं होतं ते झापणं या मुलांना अखेर मिळालं.

रिद्धी हे बघायला आली. तोवर ती पास होऊन घरी बसली होती. भर रस्त्यात म्हणाली, "मॅडम, आमच्या वेळी का नाही केलंत?"

मॅडमनी तिला हात जोडले. "चुकलं माझं. तुमची वर्षं मी परत देऊ शकत नाही. कामाला लागेपर्यंत तू या मुलांबरोबर फीर." शिक्षकाने विद्यार्थ्याची अशी माफी मागितलेली मी जन्मात पाहिली नव्हती. रिद्धी डोळे पुसत फरसाणाच्या दुकानात शिरली. पुढे तिला पहिलं काम त्याच शेठनी दिलं.

माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा न सांगता मॅडम माझ्या दुकानात येऊन बसल्या. एक गिऱ्हाईक म्हणालं, "मॅडम, ऊपर बेस्ट लिख दो ना." मॅडम म्हणाल्या, "किससे बेस्ट?" माझी दोन गिऱ्हाइकं पळाली, पण डोळा बरा होईतो दुकान उघडं राहिलं.

तेव्हापासून दर वर्षी नवी तक्रार गेटवर लागते. एकदा मुलांनी लिहिलं, 'मॅडम फार बोलतात.' तेही त्यांनी मोठ्या अक्षरात छापून घेतलं. कोर्स अजून चालू आहे. आता मॅडम निवृत्त होतायत, तेव्हा ही रीतही संपणार असं मी धरून चाललो होतो. परवा तेच सचिव दुकानात आले. "पेंटर, यंदाची तक्रार आली का? पुढच्या वर्षीपासून माझ्याकडे पाठवायची. मी लावीन."

मी त्यांना बसा म्हणायचंही विसरलो!

मॅडम, तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. गुडघे चालते राहोत, नजर अशीच तिखट राहो, आणि तोंडावर तक्रार करणारी जिवाभावाची माणसं तुमच्या दारी कधी कमी न पडोत.