तीनशे बैठका

बारामतीत मी पोलीस भरतीसाठी पोरांची तयारी करून घेतो. शारीरिक शिक्षणाच्या दोन्ही पदव्या माझ्याकडं आहेत आणि व्यायामाचं शरीरशास्त्र हा माझा हातखंडा विषय. नव्या माणसाला भार हळूहळू का वाढवायचा, अती ताणानं स्नायू फुटले तर त्यांतला गाळ रक्तात उतरून मूत्रपिंड कसं तुंबतं, हे मी मैदानावरच्या फळ्यावर आकृत्या काढून शिकवायचो. त्यामुळं पुढं जे केलं ते मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय माझ्याकडं नाही.

त्या वर्षी एक पोरगा वरकुट्याहून यायचा. घर पूर्वी मेंढरं राखणारं, आता थोडी शेती. भरतीचं वय सरत आलेलं, हा त्याचा शेवटचा प्रयत्न. साडेसहाच्या हजेरीला पोचायला त्याला इंदापुरात गाडी बदलावी लागायची. पहिल्याच आठवड्यात तो तीनदा उशिरा आला. तिसऱ्यांदा मी शिट्टी मारून सगळी रांग थांबवली.

"किती वाजले?"

"इंदापुरात एस्टी उशिरा सुटली, सर."

"उद्या चोर धरायला पण एस्टीनंच जाणार का?"

पोरं हसली. ते हसणं मला आवडलं.

"तीनशे बैठका. रांगेनं मोजायच्या."

शंभरापर्यंत त्यानं सहज मारल्या. दीडशेच्या पुढं मांड्या थरथरायला लागल्या. एकशे ऐंशीला त्यानं गुडघ्यांवर हात टेकले. मी म्हणालो, "टेकलास. परत दीडशेपासून." रांगेतला आवाज बारीक झाला, तेव्हा रांगेलाही दम दिला. त्यानं तीनशे पुऱ्या केल्या आणि मातीत बसला. मी त्याच्याकडं बोट दाखवून म्हणालो, "जिद्द म्हणतात ती ही." तेवढ्यानं तो घामेजल्या तोंडानं हसला. आजही सगळ्यात आधी ते हसणं आठवतं.

दुसऱ्या दिवशी तो दुधाच्या टेम्पोत बसून वेळेवर आला. लाकडाच्या पायांनी चालल्यासारखा चालत होता. मी त्याला सोळाशे मीटर पळवलं. पळून झाल्यावर तो मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "सर, लघवी काकवीसारखी होतीय. काल सांजंपासनं."

मला त्या क्षणी सगळं कळलं. मीच काढलेली आकृती समोर उभी राहिली. गाडीवर मागं बसवून त्याला दवाखान्यात न्यायचं, एवढंच करायचं होतं. पण नेलं असतं तर का नेलं ते सांगावं लागलं असतं, आणि वीस पोरं आमच्याकडं बघत होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "ऊन लागलंय. पाणी पी, काकवी कमी होईल."

त्या दिवशी मैदानावर त्याचं नाव काकवी पडलं. मी कुणाला अडवलं नाही.

नंतर दोन दिवस तो आला नाही. तिसऱ्या दिवशी हजेरीच्या वेळी त्याचे वडील आले. टोपी काढून हातात धरली होती.

"पोरगं दवाखान्यात हाय, सर. खाडा झाला म्हणून नाव काडू नगा."

"नाही काढणार," मी म्हणालो. त्यांनी हात जोडले. मी ते जोडू दिले.

दुपारी दवाखान्यात गेलो. त्याचं रक्त मशीनमधून फिरत होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुमच्याकडंच येतात ना हे? एका वेळी किती बैठका मारायला लावल्या होत्या?"

"नव्यांना आम्ही विसाच्या वर देत नाही," मी म्हणालो. "घरी जाऊन जास्त मारल्या असतील."

त्या त्याच्याकडं वळल्या. "खरं का?"

तो माझ्याकडं बघत राहिला. चेहरा सुजला होता, डोळे बारीक झाले होते.

"व्हय," तो म्हणाला. "घरीच मारल्या."

मूत्रपिंडं काही आठवड्यांनी सावरली. तोवर भरती होऊन गेली होती आणि पुढच्या भरतीला त्याचं वय बसत नव्हतं. त्या वर्षी माझी बरीच पोरं लागली. त्यांच्या पेढ्यांचे खोके मी घरी नेले.

वर्षभरानं मी वरकुट्याला गेलो. वडील दारात बाजेवर बसले होते. चहा आला. मी सगळं सांगितलं, डॉक्टरीणबाईंपुढं बोललेलं खोटंसुद्धा.

"आमाला तवाच कळलं हुतं," शेवटी ते म्हणाले. "आख्ख्या रांगंनं मोजल्या हुत्या की."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत, तात्या?"

"ह्यो म्हणला, सरांचं बंद पडलं तर बाकीच्यांचं वाटुळं हुईल. म्हणून गप बसलो. आज सांगून तुमी मोकळं झालासा. आमी कशातनं मोकळं व्हायचं?"

त्याला भेटता येईल का, असं मी विचारलं.

"आतच हाय. तुमचा आवाज ऐकलाय त्यानं."

दार अर्धवट लोटलेलं होतं. मी वाट बघत बसलो. आत कुणीतरी खोकलं, बाहेर मात्र कुणी आलं नाही. माझा कप अजून अर्धा भरलेला होता. वडिलांनी तो उचलला, उरलेला चहा अंगणात ओतला आणि कप घेऊन आत गेले.