त्रेचाळिसावं पान

सासूबाई शनिवारी कायमच्या राहायला येणार हे ठरलं आणि मागची खोली रिकामी करायला मला पाच दिवस मिळाले. मागची खोली म्हणजे माझी पुस्तकांची खोली. घरात तेवढ्याच खोलीपासून न्हाणीघर दोन पावलांवर आहे, आणि सासूबाई श्रीवर्धनला स्वतःच्या न्हाणीघरातच पाय घसरून पडल्या होत्या. खुबा शाबूत राहिला, मनगट मोडलं. तेव्हा वाद घालायला मला काही जागाच नव्हती. सोमवारी सकाळी बायकोने माझ्यापुढे चहा ठेवला आणि सांगितलं की शुक्रवारी संध्याकाळपर्यंत त्या खोलीत एक पलंग, एक कपाट आणि आई, एवढंच दिसलं पाहिजे.

मी पतपेढीतून निवृत्त झालेला माणूस आहे. नागावात आमची नारळ-सुपारीची लहानशी वाडी आहे. आजूबाजूच्या सगळ्यांनी पर्यटकांसाठी खोल्या काढल्या, आम्ही नाही काढल्या. आमच्याकडे पाहुण्यांच्या खोलीत पुस्तकं उतरतात, जेवत नाहीत आणि जातही नाहीत, असं बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. गावच्या वाचनालयाच्या समितीवर मी आहे. तिथल्या एका समारंभात मी भाषणही केलं होतं, आणि त्यात म्हणालो होतो की हाती घेतलेलं पुस्तक मी आयुष्यात कधी अर्धवट सोडलेलं नाही. टाळ्या पडल्या होत्या. हे वाक्य लक्षात ठेवा, मला ते विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

समुद्राच्या हवेत पुस्तक ठेवणं म्हणजे लोणचं उघडं ठेवण्यासारखं आहे. पावसाळ्यात पानं फुगतात, पुठ्ठ्यावर पांढरी बुरशी धरते, कसर लागते. म्हणून ऑक्टोबरचं ऊन पडलं की मी दरवर्षी अंगणात चटया टाकतो, पुस्तकं पसरतो आणि परत आत नेताना मध्ये मध्ये वेखंडाचे तुकडे ठेवतो. सुपारी दिवाळीनंतर उतरते, तोवर अंगण माझं. या वर्षी मी ठरवलं की ऊनही दाखवायचं आणि निवडही करायची. तीन चटया टाकल्या: एक ठेवायच्या पुस्तकांची, एक वाचनालयाला द्यायच्या पुस्तकांची, एक विचार करायच्या पुस्तकांची. वाडीत शिंपणं करायला येणारी बाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "बुकांना पन ऊन लागतंय व्हय?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. तिने मान हलवली आणि ती पाण्याकडे गेली.

सोमवारी संध्याकाळी द्यायच्या चटईवर दोन पुस्तकं होती. दोन्हींची माझ्याकडे आणखी एकेक प्रत होती.

अडचण अशी की पुस्तक द्यायचं की ठेवायचं हे ठरवायला ते उघडावं लागतं. मंगळवारी मी एक प्रवासवर्णन उघडलं आणि दुपारी जेवायच्या हाकेला भानावर आलो. तोवर लेखक हिमालयात पोचला होता आणि खोली होती तिथेच होती. बुधवारी एक जुनं पाकपुस्तक निघालं. ते नक्की देणार होतो, पण त्यात शेवळाच्या भाजीची खाज कशी मोडायची यावर चार पानं होती, ती वाचल्याशिवाय देणं बरं दिसेना. बायको पडवीत उभी राहून बघत होती. तिने नुसतं कॅलेंडर आतल्या भिंतीवरून काढून पडवीत, माझ्या समोर आणून लावलं.

घरातली जनावरं त्या मानाने कामाला लागली होती. कुत्र्याला मी राखणीला बसवलं होतं. त्याने बुधवारी सकाळी समीक्षेच्या गठ्ठ्यावर पाय वर केला. त्याच्या मताशी माझा फारसा मतभेद नव्हता, आणि तो गठ्ठा तसाच द्यायच्या चटईवर गेला, अर्थात धुऊन-पुसून. मांजरीची आवड वेगळी. तिला जाड पुठ्ठ्याचं, उन्हात तापलेलं, रुंद पुस्तक लागतं. आत काय आहे याच्याशी तिला देणंघेणं नाही. पुण्याहून मुलीने व्हिडिओ कॉल केला तेव्हा मी तिला सगळा पसारा फिरून दाखवला. ती म्हणाली, बाबा, हे सगळं एका फोनमध्ये मावतं. मग काळजीच्या सुरात तिने विचारलं की आजीचा बोका येतोय, आपल्या मांजरीचं काय होणार? आजीने यायला एकच अट घातली होती, बोका बरोबर येईल.

आता माझ्या एका सवयीबद्दल सांगायला हवं. पुस्तकात खूण म्हणून मी हाताला येईल ते घालतो. दिघीच्या फेरीबोटीचं तिकीट, विजेचं बिल, नारळाच्या झापाची हीर, मुलीच्या शाळेचं प्रगतिपुस्तक. घरात काही हरवलं की बायको कपाटं शोधत नाही, मला गेल्या महिन्यात काय वाचलं ते विचारते. एकदा रेशनकार्ड कवितासंग्रहात सापडलं होतं. हा आमच्याकडचा ठरलेला विनोद होता. पाहुण्यांना मी स्वतःच तो रंगवून सांगायचो.

गुरुवारी दुपारी मांजर एका जाडजूड कादंबरीवर झोपली होती. मी तिला उचललं, तिने नखं काढली, पुस्तक चटईवरून घसरलं आणि उघडलं. त्रेचाळिसाव्या पानावर चार घड्या घातलेला वहीचा कागद होता. भाताच्या शितांनी चिकटवलेला, न उघडलेला. वर सासूबाईंच्या अक्षरात माझ्या बायकोचं नाव.

मला सगळं आठवलं, अगदी लख्ख. अकरा वर्षं झाली. सासरे जाऊन दोन-अडीच महिने झाले होते. श्रीवर्धनचे त्यांचे शेजारी कामासाठी अलिबागला आले होते, ते वाटेत आमच्याकडे पिशवी देऊन गेले. रोठा सुपारी, आमसुलं आणि ही चिठ्ठी. "मंडळींच्या हातात द्या," असं ते दोनदा म्हणाले. बायको मुलीला घेऊन बाहेर गेली होती. मी हीच कादंबरी वाचत होतो, पिशवी आत ठेवायला उठलो आणि चिठ्ठी पुस्तकात घातली. सुपारी दिली, आमसुलं दिली. कादंबरी मात्र इतकी रटाळ होती की मी ती पुन्हा हातात घेतली नाही. वाचनालयातल्या त्या भाषणात मी तिची स्तुती केली होती, मागच्या पुठ्ठ्यावरचा मजकूर वाचून. पुढची चारशे पानं मी खरोखर वाचली असती तर चिठ्ठी दुसऱ्याच दिवशी सापडली असती.

चिठ्ठी उघडायची माझी हिंमत झाली नाही. छापलेलं काहीही वाचणारा मी माणूस, भेळेचा कागदसुद्धा सोडत नाही, आणि तो कागद हातात धरून मी घाबरलो. मग जे सुचलं ते सांगायला लाज वाटते, पण सुचलं खरं. चिठ्ठी होती तिथेच ठेवायची आणि कादंबरी वाचनालयाला द्यायची. त्या पुस्तकाच्या त्रेचाळिसाव्या पानापर्यंत आमच्या गावात कोणी पोचणार नाही, याची मला पूर्ण खात्री होती. बँकेच्या लॉकरपेक्षा ती जागा सुरक्षित होती. मी कादंबरी द्यायच्या चटईवर ठेवली. थोड्या वेळाने तिच्यावर समीक्षेचा गठ्ठाही ठेवला.

संध्याकाळी बायको मागच्या खोलीत पलंगावर गादी घालत होती. मी चादरीचं दुसरं टोक धरून उभा होतो. ती चादर ओढता ओढता बोलायला लागली. बाबा गेल्यावर मी आईला किती वेळा म्हटलं, ये माझ्याकडे. दर वेळी ती सण करून परत जायची, चार दिवसांवर एक दिवस राहिली नाही. मला वाटायचं कधीतरी आपणहून म्हणेल. "आता पडली म्हणून येतेय," ती म्हणाली. "माझ्याकडे राहावं असं तिला कधी वाटलंच नाही." तिने उशी दोन-तीनदा थोपटली, जरा जास्तच जोरात.

माझ्या हातातलं चादरीचं टोक तसंच राहिलं. मला वाईट वाटलं असं म्हणणं पुरेसं नाही. मला माझी, माझ्या वाचनाची, त्या सगळ्या कपाटांची किळस आली. तरीही मी त्या क्षणी बोललो नाही. रात्रभर तळमळलो, आणि शुक्रवारी सकाळी अंगणात जाऊन समीक्षेच्या गठ्ठ्याखालून कादंबरी काढली.

बायको ओट्यापाशी नारळ खवत होती. मी तिला पुस्तक उघडून दाखवलं, चिठ्ठी त्याच पानावर ठेवून. कुठून आली, कधी आली, सगळं सांगितलं. तिने हात पुसले, शितं नखाने सोडवली आणि उभ्या उभ्या वाचलं. मग मला ऐकू जाईल असं मोठ्याने वाचलं.

"पावसाळ्याचे चार महिने तुझ्याकडे येऊन राहीन म्हणते. घर फार मोठं वाटतं आता. पण तुमच्याकडे अडचण असेल तर उत्तर पाठवू नकोस, मी समजेन. फोनवर हे विषय नकोत."

आणि उत्तर गेलं नाही. म्हातारीने समजून घेतलं, आणि पुढे हिने केलेली बोलावणी तिला लेकीने नुसती रीत म्हणून केलेली वाटली. अकरा पावसाळे ती त्या मोठ्या घरात एकटी राहिली, सणाला आली की आमच्याकडची अडचण ओळखून चार दिवसांत निघत राहिली, आणि इकडे हिला वाटत राहिलं की आईला आपल्याकडे राहायचंच नाही.

मला बायको ओरडायला हवी होती. ती ओरडली नाही. तिने चिठ्ठीच्या जुन्या घड्या होत्या तशाच घातल्या आणि ती पोलक्यात ठेवली. "उद्या आणायला तुम्ही जा," ती म्हणाली. "आणि आईला तुम्हीच सांगायचं. मी नाही सांगणार." मग तिने खवणी पुन्हा पुढ्यात घेतली.

शुक्रवारी दुपारपर्यंत खोली रिकामी झाली. चार दिवसांत जे जमलं नाही ते चार तासांत झालं. पुस्तक उघडायचंच नाही असं ठरवलं की निवड फार सोपी असते. तीन रिक्षा भरून पुस्तकं वाचनालयाकडे गेली, उरलेली माळ्यावर आणि पलंगांखाली.

शनिवारी गाडी करून श्रीवर्धनला गेलो. सासूबाई तयार बसल्या होत्या: प्लास्टरमधला हात गळ्यात, पायाशी एक ट्रंक आणि तोंड बांधलेली एक कापडी पिशवी, तिच्यातून बोक्याचं डोकं बाहेर. दिघीपर्यंत मी रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोललो. गाडी फेरीबोटीवर चढली, चालक खाली उतरून कठड्याशी गेला, बोट सुटली. मी मुद्दाम बोट सुटायची वाट बघितली होती, म्हणजे मला पळता येणार नाही. मग सांगितलं. पुस्तकासकट सांगितलं.

त्या बराच वेळ बोक्याच्या कानामागे खाजवत राहिल्या. समोर आगरदांड्याचा धक्का मोठा व्हायला लागला होता.

"शेजारी म्हणाले होते, चिठ्ठी जावयांच्याच हातात दिली," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, जावई एवढे वाचणारे, तेवढी चिठ्ठी तर त्यांनी वाचलीच असेल."

बोट धक्क्याला लागली, चालक परत आला. मुरूड मागे पडलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, चिठ्ठी कितव्या पानावर होती. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली.

घरी पोचलो तर बायको फाटकात उभी होती. कुत्रा बोक्याला बघून वेड्यासारखा भुंकत होता, मांजर माळ्यावर पळाली होती. बायकोने गाडीचं दार उघडलं, आईचा धड हात धरला आणि म्हणाली, "आई, तुझी चिठ्ठी मिळाली गं. ये." सासूबाई उतरल्या आणि तिथे फाटकातच दोघी रडल्या. मी ट्रंक आत नेली, कारण तेवढंच माझ्या हातात होतं.

आता आठ-दहा दिवस झाले आहेत. बोका मांजरीच्या जागेवर झोपतो, मांजर कुत्र्याच्या जागेवर, आणि कुत्रा पडवीत माझ्या खुर्चीखाली. बायको माझ्याशी बोलते, जेवढं लागतं तेवढं. मागच्या खोलीत एक पलंग आहे, एक कपाट आहे, आई आहे आणि एक कादंबरी आहे. ती रिक्षात भरली गेली नाही. मी शिक्षा म्हणून ती पूर्ण करायला घेतली होती, त्रेचाळिसाव्या पानापासून, पडवीत बसून, मनातल्या मनात. दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी मला पुस्तक घेऊन आत बोलावलं. डोळ्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही म्हणाल्या, आणि पलंगाशेजारची खुर्ची दाखवली.

मी बसलो, खुणेचं पान काढलं.

"पहिल्यापासून," त्या म्हणाल्या. "आणि मोठ्याने वाचा. माझी अकरा वर्षं कशात गेली ते मलाही कळू दे."