बाबांच्या गाडीची किंमत

मिल बंद पडल्यावर बाबांनी एक जुनी व्हॅन घेतली आणि मुलुंडला आमच्या चाळीमागे दोन वर्षं खपून तिच्यात घर केलं. घडीचा पलंग, स्टोव्हसाठी ओटा, खिडक्यांना आईच्या जुन्या साडीचे पडदे. दोघं तिच्यातून कोकणात जाणार होते. त्याआधीच आईला कॅन्सर निघाला.

औषधांना पैसे हवे होते, म्हणून मी कुर्ल्याचा दलाल बोलावला. त्याने आत डोकावून पाहिलं.

"रिकामी असती तर आठ हजार दिले असते. हा कचरा काढायचा खर्च धरून सहा."

"सागवान आहे," बाबा म्हणाले.

"असेल ना! मला माल भरायचाय, झोपायचं नाही."

मी पहार आणली.

"थांब गं, तोडू नकोस. मी स्क्रू काढतो," बाबा म्हणाले.

पण दलाल घड्याळ बघत होता. बाबांच्या डोळ्यांदेखत मी तासाभरात सगळं उचकटलं.

मग दलालाने आतल्या पत्र्यावर बोट फिरवलं. "भोकं पडलीत. सातच देईन."

मी हो म्हटलं. बाबांनी किल्ली माझ्या हातात न देता बॉनेटवर ठेवली. आई जाईपर्यंत ते माझ्याशी कामापुरतंच बोलले.