चढावरची विहीर

साताऱ्यात एका कारखान्याच्या वरच्या अंगाला माझी विहीर होती. तिच्याच पाण्यावर माझा सोडा-लेमनचा धंदा. सत्तरच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात ते पाणी पितळेत राहिलेल्या ताकासारखं कळकलेलं लागू लागलं. कारखान्याचं आंबट सांडपाणी खालच्या खड्ड्यात साठायचं. मी कारखान्याच्या साहेबाला जाब विचारायला गेलो.

"खड्डा खाली, विहीर वर. पाणी चढ चढतं का हो? बाटल्या नीट धुवा."

हे तो चारचौघांत बोलला. त्या दिवसापासून एसटी स्टँडवर माझी बाटली कोणी हातात धरेना.

सांगलीचे एक प्राध्यापक तेव्हा जमिनीखालच्या पाण्याचं गणित कॉम्प्युटरवर मांडत होते. त्यांना खऱ्या विहिरी हव्या होत्या, मला त्यांचं गणित. सौदा जमला. आसपासच्या विहिरींत दोर सोडून पाण्याची पातळी मी मोजली. त्यांनी नकाशावर चौकोन आखले, आकड्यांसाठी भोकं पाडलेली कार्डं ट्रंकेत भरली आणि मुंबईच्या मशीनला खाऊ घातली.

परत आले ते कागदाची लांब घडी घेऊनच. जाजमासारखी पसरली. नुसते आकडे. मला उभ्या जागी धीर निघेना. त्यांनी एका चौकोनावर बोट ठेवलं.

"तुमचा पंप इतका ओढतो, की विहिरीची पातळी खड्ड्याच्याही खाली जाते. वरून जमीन चढाची, पण आतल्या पाण्याला उतार तुमच्याकडेच."

तसाच कागद काखेत मारून, प्राध्यापकांना सोबत घेऊन, मी तो साहेबाच्या टेबलावर पसरला. तो हसला. "म्हणजे तुमच्याच पंपानं आणलं की."

"वडलं मी, सायेब. पन घान कुनाची हाय?" मी टेबलावर हात आपटला, तसा चहा सांडला.

प्राध्यापकांनी शांतपणे दुसरा कागद काढला. खड्डा उपसून बंद करायचा, मधे बोअर पाडून तिथूनच घाण ओढायची, आणि तिचा आंबटपणा कारखान्यानं चुन्याच्या टाकीत मारायचा. मशीनच्या हिशेबानं दोन पावसाळ्यांत विहीर निवळणार होती.

"भरपाई बोला," साहेब म्हणाला.

"भरपाई नगं. पानी निवळलं की स्टँडवर हुबं ऱ्हाऊन माजा सोडा प्यायचा. चारचौघांत."

"पिईन."

बोअर पडला. दर आठवड्याला प्राध्यापक बाटलीत पाणी तपासायला न्यायचे आणि मी एसटीच्या वाटेकडे डोळे लावून बसायचो. दुसरा पावसाळा सरता सरता त्यांनी एसटीच्या खिडकीतूनच हात हलवला. विहीर निवळली होती.

साहेबाची बदली महिनाभर आधीच झालेली. नवा साहेब भला माणूस, स्टँडवर येऊन दोन बाटल्या प्याला. लोक पुन्हा माझा सोडा मागू लागले. पण माझा सौदा त्याच्याशी नव्हता. त्या पहिल्याची बाटली अजून बाकी आहे.