शेजारच्या सीटवर प्रेमानंद

प्रेमानंद रामटेके यांनी पंधरा-वीस वर्षं मोटार रॅलीच्या शर्यतींत मागच्या चाकांच्या जोरावर चालणारी गाडी पळवली, पण भीती त्यांना कधी शिवली नाही. ती शिवली उमरेडकडच्या मुरमाच्या रस्त्यावर, लेक उन्नतीच्या शेजारी बसून तिला वळणं सांगताना.

उन्नतीची गाडी चारही चाकांच्या जोरावर चालणारी. एका वळणावर गाडीचा मागचा भाग नाल्याकडे घसरला. त्यांच्या जुन्या गाडीत अशा वेळी ते गॅस, म्हणजे अॅक्सिलरेटर, सोडत. हिच्यात तो दाबायचा, मग पुढची चाकं गाडी ओढून सरळ करतात. हे त्यांना ठाऊक होतं, तरी ‘सोड’ हा शब्द ओठांवर आलाच. तो बाहेर पडला असता तर पोरीनं बापाचं ऐकलं असतं आणि गाडी नाल्यात गेली असती. त्यांनी दात घट्ट आवळले.

उन्नतीनं गॅस दाबला. गाडी थरथरत सरळ झाली.

“बाबा, चूप काहून झाले? समोरचं वळण सांगा ना.”

“डावं. लई वाकडं,” ते कसेबसे म्हणाले.

“तुम्हाले भेव लागून राहिलं का?”

“लागून राहिलं. तू रस्ता पाह्य वं.”